वाळूचा ठराव

दुसरीतली एक पोरगी आमच्या शाळेच्या जुन्या घसरगुंडीच्या शिडीवरून पडली, तेव्हा मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. खाली मुरूम होता. आमच्या ईट गावाकडचा मुरूम पाणी मारून एकदा चोपला, की दगडानं लाजावं इतका कडक होतो. तिचं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात काही पूर्ण सरळ होईना. आणि तिच्या आईनं तिला शाळेत पाठवायचंच बंद केलं. रानात घेऊन जायची, बांधावर बसवून ठेवायची.

मी तीनदा त्यांच्या घरी गेले. आई सातवी शिकलेली, बोलायला मोजकी. तिसऱ्या वेळी म्हणाली, "बाई, पोरीचा एक हात गेला. दुसरा बी जायची वाट बघू का?" मी तिला शब्द दिला. म्हणाले, शाळेला आता नवीन घसरगुंडी आणि झोके आलेत, त्याच्याखाली मी मऊ वाळू टाकून घेते. वाळू पडल्याशिवाय तुझ्या पोरीला त्यावर चढू देणार नाही. तिनं पोरीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठिवते."

शब्द दिला तर खरा, पण वाळूच का, हे समितीला पटवायचं होतं. समिती म्हणजे गावातले पाचसहा पालक, त्यांचे अध्यक्ष, आमचे मुख्याध्यापक आणि मी. मैदानात काय टाकायचं याचा मी त्या उन्हाळ्यात जेवढा विचार केला, तेवढा स्वतःच्या घराच्या फरशीचाही केला नव्हता. काळी माती पावसात मऊ, पण उन्हाळ्यात तिला पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात. गवताला फेब्रुवारीनंतर पाणी कुठनं आणायचं? शहरातल्या बागेत असतात त्या रबरी गाद्या आमच्या एप्रिलच्या उन्हात तव्यासारख्या तापतील, आणि आमची निम्मी पोरं अनवाणी. खडीची भुकटी मिळते हल्ली वाळू म्हणून, ती दाबून घट्ट बसते आणि गुडघे सोलते. राहिली नदीची गोल वाळू. दीड वीत खोल टाकायची, कडेनं जुने टायर अर्धे पुरायचे आणि दर शनिवारी फावड्यानं उकरून मोकळी करायची. एवढं केलं की झालं.

आता हे तोंडी सांगून कोण ऐकतंय. मग मी नारळ आणले. सोनारीच्या भैरोबाला जाऊन आले होते, तिथून येताना तीन नारळ जास्तीचे घेतले आणि बैठकीच्या दिवशी सगळ्यांसमोर घसरगुंडीच्या माथ्याएवढ्या उंचीवरून एकेक खाली सोडला. मुरमावर पहिल्याच फटक्यात दोन शकलं. व्हरांड्याच्या फरशीवर तर खोबरं पायरीपर्यंत उडालं. पोरं जमलीच होती, त्यांनी खोबऱ्यावर झडप घातली. मी आधीच आणवलेल्या वाळूच्या ढिगात टाकलेला मात्र धप्पकन रुतून बसला. काढून झटकला, तर शेंडीसुद्धा जागेवर. पोरं हिरमुसली. "बाई, हा फुटंना की," म्हणून एकानं तक्रार केली.

मुख्याध्यापक पोट धरून हसले. "बाई, तुमची प्रयोगशाळा लई गोड हाय," म्हणाले, आणि तिथंच अध्यक्षांना म्हणाले, "वाळूच टाकायची. ठरलं."

हे सर आणि मी बारा वर्षं एका शाळेत. एका डब्यातली भाकरी दोघांनी खाल्लेली. माझे मालक दवाखान्यात होते तेव्हा माझे दोन्ही वर्ग महिनाभर त्यांनी सांभाळले. म्हणून पुढचं जे झालं ते अजून गिळवत नाही. परक्यानं केलं असतं, तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

दुसऱ्या आठवड्यात मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाराशिवला जायचं होतं. निघायच्या दिवशी सर ठरावाची वही घेऊन आले. पान कोरं. "बाई, सही करून ठेवा. वाळूचा ठराव मी निवांत लिहितो." आमच्याकडं अशीच पद्धत. बैठक आधी, सह्या मग, मजकूर सवडीनं. कोऱ्या पानावर सही करणं म्हणजे काही विशेष केलं असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नाही. एसटी हुकेल म्हणून उभ्या उभ्या सही केली आणि गेले.

परत आले तर घसरगुंडीखाली सिमेंटचे ब्लॉक. लाल, पिवळे, नागमोडी, अगदी घट्ट बसवलेले. त्यावर रांगोळीचे डाग अजून होते. मी नसताना कुणी मोठे पाहुणे येऊन उद्‌घाटन करून गेले होते.

मी सरांच्या खोलीत गेले. बसले नाही. म्हटलं, "सर, हे काय?"

"अध्यक्ष अडून बसले, बाई. वाळूत मांजरं घाण करतात म्हणाले. पाहुण्यांचे बूट खराब होतील, फोटोत नीट दिसायचं नाही."

"आणि तुम्ही?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही असता तर भांडण झालं असतं. म्हणून तुम्ही नसताना उरकून घेतलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बारा वर्षं माझी जीभ ओळखणाऱ्या माणसानं ती जीभ गावात नसलेला दिवस बरोबर हेरला होता. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारात त्या पोरीची आई उभी दिसली. तिनं मैदान बघितलं होतं. मला म्हणाली, "बाई, तुमी तर वाळू म्हणला होता."

मी तोंड उघडायच्या आत सरांनी वही काढली, पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. "हे बघा, माझ्या एकट्याचा निर्णय नाही. बाईंचीच सूचना आहे."

तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने खेळाच्या साहित्याखाली सिमेंटचे ब्लॉक बसवावेत, असं सरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं. खाली सूचक म्हणून माझं नाव. त्याच्या खाली माझी सही.

"ही तुमचीच हाय नव्हं?"

"माझीच," मी म्हटलं. "पण मी केली तेव्हा पान कोरं होतं."

तिनं वहीवरचं बोट काढलं. मग म्हणाली, "मागं बचत गटाच्या बैठकीत तुमीच आमाला सांगितलं होतं, वाचल्याबगर कुठं सही करू नका म्हणून. आमी अडाणी, आमी ते पाळलं."

सरांनी वही मिटली. त्यांचा मला राग आला, अजून येतो. आजही त्यांच्या टेबलावरचा चहा मी घेत नाही. पण त्या बाईपुढं सरांचं नाव घेऊन मला सुटता येईना. सही माझी होती.

तिनं पोरीला शाळेतून काढलं नाही. रोज वेणी घालून वेळेवर पाठवते. मी ब्लॉक उखडायचा अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडं आहे, बाकी काही नाही. मधल्या सुट्टीत मी घसरगुंडीखाली हात पसरून उभी राहते आणि येणारं प्रत्येक पोरगं झेलते. गाव हसतंय, हसू दे.

ती पोरगी मात्र व्हरांड्याच्या पायरीवरच बसते. परवा मी जवळ जाऊन म्हटलं, "चल की, एकदाच घसर. मी खाली धरते तुला."

तिनं मान हलवली. "आई म्हणली, पाढं शिकवताना बाईचं ऐकायचं. दुसरं काय सांगितलं तर ऐकायचं न्हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आईनं सांगितलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं, आणि पुन्हा पोरांकडं बघत बसली.