डावं पायडल

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढे पेन्सिलीपेक्षा सुईच जास्त धरली. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. कुमुदताईंना जाऊन दीड महिना होत आला. बातमी मला कळली ती त्यांच्या सोसायटीतल्या एका बाईकडून. ब्लाउज न्यायला आल्या होत्या. हूक लावून बघता बघता म्हणाल्या, "त्या पेटीवाल्या कुमुदताई गेल्या हो परवा. तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात ना?" मी म्हटलं, "काखेत घट्ट होत असेल तर सांगा, आत कापड सोडलंय." त्या गेल्यावर मशीनवर बसले, तर पाय हलेनात.

मी त्यांच्याकडे कामाला कधीच नव्हते.

मुलुंडला आमची चाळ आणि त्यांची सोसायटी यांच्या मधे एक गल्ली. पहिल्यांदा गेले ती ताईंच्या ब्लाउजची मापं घ्यायला. शेजाऱ्यांकडे नुकताच रंगीत टीव्ही आला होता आणि सगळी बिल्डिंग तिकडे गोळा झालेली. कुमुदताई मात्र एकट्या पायपेटीपुढे बसलेल्या. पेटी त्यांच्या वडिलांची, नाटक कंपनीतली. साध्या पेटीत एक हात भात्याला अडकतो. पायपेटीत हवा पायांनी भरायची, म्हणून दोन्ही हात सुरांना मोकळे. पण ताईंचा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडलेला. एका पायाने त्या हवा भरत होत्या आणि सूर मधेच धापा टाकत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "सरका ताई, मी मारते पाय. मशीन चालवते ना मी." बाकावर त्यांच्या शेजारी बसले, पाय तिरके आत घातले आणि शिलाईच्या सवयीने दोन्ही पाय एकदम दाबले. पेटी अशी किंचाळली की खालून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं. ताई हसून हसून लाल. "अगं शालन, ब्लाउज नाही शिवायचा! एकाआड एक, चालल्यासारखं."

मग रोज दिवेलागणीला जाऊ लागले. त्यांच्या खांद्याला माझा खांदा लागलेला असायचा. त्यांनी श्वास घेतला की कळायचं, आता सूर उतरणार, पाय हलके करायचे. लाल मखमलीचा एक तुकडा उरला होता, तो दोन्ही पायडलांवर शिवून बसवला, अनवाणी पायांना मऊ लागावं म्हणून. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही, पण त्या बाकावर मी बोलत असल्यासारखंच वाटायचं. ताई म्हणायच्या, "बोटं माझी, जीव तुझा." हे आमचे चिडवायचे, "तुझा पगार किती ठरला गं तिकडे?" मी म्हणायचे, "मैत्रिणीकडे पगार असतो का?"

पुढे एका संगीत मंडळाने हौशी पेटीवादकांची स्पर्धा ठेवली. अंतिम फेरीच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर मांडव घालून सगळ्या स्पर्धकांची लोकांशी ओळख करून द्यायची होती. थोडं वाजवायचं, दोन प्रश्नांना उत्तरं द्यायची. अर्धं मुलुंड लोटलं होतं, आमची चाळ तर पहिल्या रांगेत. मी ठेवणीतली साडी नेसले होते. स्टेजवर एकाच बाकावर आम्ही दोघी. ताईंनी एक सूर नुसताच धरून ठेवला होता, आणि निवेदक माईक घेऊन जवळ आला. "दोन्ही हातांनी वाजवता, कमाल आहे! आणि या कोण?"

ताई म्हणाल्या, "माझ्या घरी कामाला असते. पायामुळे मला हवा भरता येत नाही, म्हणून तिला बसवते."

कर्ण्यातून ते मैदानभर गेलं. माझे पाय पायडलांवर होते. थांबवले असते तर तो सूर तिथेच विझला असता... मी थांबवले नाहीत.

खाली उतरल्यावर आमच्या चाळीतल्या पार्वतीवहिनींनी मला गाठलंच. "गो बाय, तुका कामवाली म्हटल्यान तिना! भांडी पण घासतंस काय थंय?" मी घरी न जाता ताईंकडे गेले. त्या दारातच रिक्षाचे पैसे देत होत्या. विचारलं, "ताई, असं का बोललात?"

"अगं, नियम एकाच वादकाचा आहे. मैत्रीण म्हटलं असतं तर म्हणाले असते, दोघी मिळून वाजवताहेत, बाद. कामाची बाई म्हटलं की कुणी मोजत नाही." मग माझ्या हातावर थाप मारून म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेतेस? उद्या वेळेवर ये हं."

मी गेले. शब्द दिला होता म्हणून गेले, आणि स्पर्धेसाठी इतके दिवस दोघींनी पेटीवर बसवलेली गत माझीही होती म्हणून. पहिला नंबर आला. ताईंनी स्टेजवरून वडिलांचं नाव घेतलं, मंडळाचं घेतलं, सोसायटीचं घेतलं. मला वाटलं, आता निकाल लागला, आता तरी सांगतील. मग वाटलं, घरच्या माणसांत सांगतील. आठ दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये सत्कार होता, मला मुद्दाम बोलावणं पाठवलं होतं. मी खुर्चीवर टेकते न टेकते तोच सेक्रेटरींच्या बायकोने सरबताच्या पेल्यांचा ट्रे माझ्या हातात दिला. "तेवढं वाटून टाक गं सगळ्यांना." मी ताईंकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. आणि मान खाली घालून गळ्यातला हार सारखा करत बसल्या.

मी सगळ्यांना सरबत दिलं. ताईंनाही दिलं. ट्रे टेबलावर ठेवला, चपला घातल्या, आणि पुन्हा ती गल्ली ओलांडली नाही.

त्यांनी बोलावलं नाही, मीही गेले नाही. संध्याकाळी कधी कधी पलीकडून पेटी ऐकू यायची, पुन्हा धापा टाकणारी. मला वाटायचं, दुसरी कुणी बसवली असेल, पाय बसला नसेल तिचा. बरंच झालं म्हणायचे आणि मशीन जोरात चालवायचे.

गेल्या आठवड्यात ताईंच्या भावाने हातगाडीवरून पेटी माझ्याकडे पाठवली. ताईंनी सांगून ठेवलं होतं म्हणे. चिठ्ठी नाही, निरोप नाही. धूळ पुसायला वाकले, तर उजव्या पायडलावरची मखमल पार विरून खालचं लाकूड गुळगुळीत झालेलं. डाव्यावरची मात्र जशीच्या तशी, लव उभी, माझे टाकेही शाबूत. म्हणजे माझ्या जागी त्यांनी कुणाला बसवलं नाही. पण खरं सांगते, राग गेला नाही. हे त्या दिवशी माईकवर सांगायचं होतं, ताई... मखमलीवर सांगून कुणाला ऐकू जाणार?

परवा त्याच ब्लाउजवाल्या बाई आल्या. पेटी बघून म्हणाल्या, "अय्या, एवढी मोठी वस्तू कामाच्या बाईला दिली?"

माझा आवाज मुळात बारीक. तरी म्हटलं, "मी कामाला नव्हते. आम्ही दोघी वाजवायचो. दाबा बघू एखादी पट्टी."

त्यांनी दाबली. काहीच वाजलं नाही. मग मी बाकावर बसले, दोन्ही पायडलांवर पाय ठेवले आणि चालू लागले, एकाआड एक. सूर उठला, खोलीभर झाला. बाईंचं बोट पट्टीवर तसंच दाबलेलं होतं.

मग मी पाय थांबवले.