मतलई वारा

सज्जनहो, कान टवकारून ऐका, अतिगंभीर घोषणा आहे: या थंडीत मी आणि माझा मित्र अनंता शिडाच्या होडीतून रत्नागिरीहून मालवणला जाणार! किनारा उघडा, म्हणून बेत सावध. पहाटे जमिनीकडून सुटणारा मतलई वारा धरून निघायचं आणि दुपारी समुद्रावरचा वारा चढायच्या आत जवळची खाडी गाठायची. नकाशावर प्रत्येक खाडीच्या तोंडाशी मी ऐटीत एकेक शेंगदाणा ठेवत होतो.

समोर बायको शिलाई मशीनवर आमचं फाटलेलं शीड शिवत होती. होडीत दोघांपुरतीच जागा आहे, असं मी तिला सांगितलं होतं आणि तिनं ते निमूट मानलं होतं. तरी किती मन लावून दुहेरी टीप घालत होती! वाऱ्यापासून लपायला माणूस किती जागा हेरून ठेवतो. अशा टिपेपासून लपायला एकही खाडी नसते.

"कसला वारा म्हणालात?" तिनं विचारलं.

"मतलई."

"मला मतलबी ऐकू आलं," ती हसली. दातानं दोरा तोडून म्हणाली, "घट्ट शिवलंय. सांभाळून जा हं दोघं."

माझ्या हातातला शेंगदाणा निसटला आणि तोंडून निघून गेलं, "अगं, तिघं मावतात त्यात!"