बाबांच्या भजनाची ओळ

नव्या सुती लुगड्याची घडी मोडली आणि खळीचा आंबूस वास आला. इंग्रजांच्या काळातलं नागपुरातलं आमचं विणकराचं घर आठवलं. बाबा मागावर बसले होते, मी शेजारी सूत गुंडाळून कांड्या भरत होते. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ग्रामोफोनवर सिनेमाचं गाणं लागलं आणि मीही गुणगुणू लागले. बाबा विणताना आजोबांचं भजन म्हणायचे. हात त्याच ठेक्यावर चालायचा. त्या दिवशी भजन मधेच तुटलं आणि मागही थांबला.

“पुढची ओळ कोनती वं?” त्यांनी विचारलं. मला येत नव्हती. आडवा धागा नेणारा धोटा त्यांच्या हातात तसाच, ओठ नुसते हलत होते. “काय धिंगाना लावून ठेवला या चहावाल्यानं! माह्यं गानं पुसून राहिला.”

तेव्हा वाटलं, बाबा रागावले. आज तो चेहरा घाबरलेला दिसतो.

नात मोबाइलवर जे लावते त्याला मी धिंगाणाच म्हणते. आज मात्र तिनं नेमकं ते ग्रामोफोनचं गाणं लावलं. “आजी, तुझ्या वेळची गाणी किती गोड होती गं!”

मी ते न अडखळता शेवटपर्यंत म्हटलं. मग बाबांचं भजन म्हणायला तोंड उघडलं. पहिली ओळसुद्धा आली नाही.