पावेलच्या घरचा माणूस

अबू धाबीत, मुसफ्फातल्या वर्कशॉपच्या फाटकाशी होतो, तेव्हा तोमाश पावलूच्या बहिणीचा मेसेज आला. सुट्टीवर घरी, चेक देशात गेलेला तोमाश झोपेतच गेला होता... मागचा ट्रकवाला हॉर्न मारत 'यल्ला, यल्ला' ओरडत होता आणि मला गिअर सापडेना. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, हे नंतर आठवलं.

तोमाश आमच्या वेल्डिंगची तपासणी करायचा आणि मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडे. आमटी सूपसारखी चमच्याने प्यायचा आणि भात शेवटी, कोरडा. अशाच एका रविवारी मी घर मोडायच्या बेतात आलो होतो.

तन्वी ही माझ्या बायकोची, मेधाची, पहिल्या लग्नाची मुलगी. तिचे बाबा ती लहान असतानाच गेले. आडनाव त्यांचंच, प्रधान. मला ती विनयकाका म्हणते. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की कॉलेजात जाण्याआधी तिने माझ्यासारखं भिडे व्हावं. एका घरात दोन आडनावं बरी दिसत नाहीत, असं मी आमटी वाढता वाढता म्हणालो. प्रेमानेच म्हणालो, अशी माझी समजूत होती. "यंदापासून भिडेच लावायचं. खलास."

तन्वीने ताट सरकवलं. "देन आय ॲम गोइंग टू आजी इन नाशिक. फॉर गुड."

मेधाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पोरगी खरंच जाईल आणि तिच्यामागे मेधाही, हे मला त्या नजरेत दिसलं. हातातली पळी कुठे ठेवावी ते सुचेना.

तोमाशला मराठी येत नव्हतं, पण आमचे चेहरे येत होते. काय झालं ते त्याने तन्वीला इंग्रजीत विचारलं, ऐकलं आणि चमचा खाली ठेवून स्वतःच्या आडनावाबद्दल सांगू लागला. ही काय वेळ आहे, असं मला झालं. पावलू म्हणजे पावेलच्या घरचे, तो म्हणाला. पण पावेलच्या रक्ताचा थेंबही त्याच्यात नव्हता. जुन्या काळी त्यांच्याकडे गाव माणसाला घरावरून ओळखायचं. पावेल मेला, मागे बायको आणि मुलं. तोमाशचा पूर्वज तिच्याशी लग्न करून त्या घरात राहायला आला, आणि गावाने त्यालाही पावलूच केलं.

"त्याचं आधीचं नाव काय होतं, कुणालाच ठाऊक नाही," तोमाश म्हणाला. "घर मात्र टिकलं."

मग तन्वी ताटाकडे बघतच म्हणाली, "सो टेक्निकली, विनयकाका, यू शुड बी प्रधान."

आमच्याकडे असल्या माणसाला घरजावई म्हणून हसतात. भिड्यांच्या सात पिढ्या माझ्या मानेवर येऊन बसल्या. "इन्शाल्ला," एवढंच माझ्या तोंडून निघालं. मेधा आधी हसली, मग रडली. तन्वीने ताट पुन्हा ओढून घेतलं. मी तो विषय परत काढला नाही.

तोमाशने मात्र सोडला नाही. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर तो मला 'मिस्टर प्रधान' अशीच हाक मारायचा. मी दर वेळी दुरुस्त करायचो, तो दर वेळी गंभीरपणे मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच...

काल इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन विचारत होता, "प्रधान साब, पार्सल है. ऊपर भेजूं?" समोर तन्वीने पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हां," मी म्हणालो, "प्रधान बोल रहा हूं. भेज दो."