खुणेचा निरोप

आता पोरं खिशातून फोन काढतात अन् जागच्या जागी बोलतात. मी नुसती बघत बसते. आमच्या वेळी निरोप माणसांच्या पायांवर चाले, बाई. माझं सासर केनवड, माहेर इंझोरी, मधे दोनदा एसटी बदलायची. पत्र टाकावं तर वाचणारं कोणी नाही. मीही अक्षरं शिकले ती पुढं लेकरांच्या पाटीवर. म्हणून जो त्या वाटेला निघेल त्याच्या तोंडी निरोप द्यायचा, त्यानं तो पुढच्याच्या कानात घालायचा. आज हा, उद्या तो. बाजाराच्या दिवशी चार जण सापडत, तुरी सोंगायला आल्या, कापणी लागली की एकही नाही. अन् सापडला तरी म्हातारा माणूस फाट्यापर्यंतच चालणार, पुढं दुसरा हुडका.

बरं, पोचला तरी खरा कशावरून? माय बिमार आहे म्हणून लेकीला बोलवायचं अन् आली की तिच्या हाती विळा द्यायचा, असं पुष्कळ जण करत. माझ्या बापानंही एकदा केलं. तेव्हापासून सासूनं नियमच घातला, निरोपासोबत खूण पाहिजे. खूण म्हणजे फक्त आमच्या माहेरच्या घरातच ठाऊक असलेली गोष्ट. दर खेपेला नवी, कारण जुनी दहा तोंडांतून गेलेली असे. मी सांगते त्या वेळची खूण मायनंच हसत हसत ठरवली होती: लहानपणी मी कोठीतला गूळ खाल्ला अन् आळ मांजरीवर ढकलला.

तुरीच्याच दिवसांत माय खरोखर अंथरुणाला खिळली. बापानं मंगरूळपीरच्या बाजारात कासारीणबाईला गाठलं. ती बांगड्या भरायला गावोगाव फिरे, मला लेक मानायची. तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर टोपली टेकवून ती म्हणाली, "पोरीची माय लय बिमार हाये. आजच धाडा."

सासूनं विचारलं, "खूण सांग."

"खूण गिन काई नाई सांगतली."

"मंग नाई जमत. मांगच्या साली असंच बलावलं अन् पंधरा दिस वावरात राबवलं."

कासारीणबाईनं माझ्याकडं पाह्यलं अन् टोपली उचलून गेली. अन् मी? मलाही वाटलं, बापाचं पुन्हा तेच. भाकरी थापत बसले.

दोन दिवसांनी बापानं कंडक्टरच्या तोंडी पुन्हा निरोप धाडला. तो गडी थांब्यावर उतरून भर माणसांत ओरडला, "गूळ चोरून मांजरीचं नाव सांगनारी इंझोरीची सून कोन्या घरची हाये? मायले पाह्याचं असन तर याच गाडीत बसा म्हना!" सारा थांबा हसला. सासू तिथंच होती. ती धापा टाकत घरी आली.

"गूळ चोरत होती काव तू? ऊठ, लुगडं बदल. खरं हाये हे."

पोचले तेव्हा मायचे डोळे उघडे होते, पण वाचा आदल्या दिवशीच गेली होती. मी हात धरला. तिनं धरला की नाही, मला अजून सांगता येत नाही.

बाप म्हणाला, "दोन दिस तुहं नाव घेत होती. काहून आली नाई?"

कासारीणबाई त्याच सकाळी येऊन मायचे तळपाय चोळत बसली होती. ती उठून मला अंगणात घेऊन गेली.

"तुह्या सासूपुढं तुले चोर कशी म्हनू वं? नव्या सुनेची अब्रू जाते. मले वाटलं, नुसतं बिमार म्हनलं तरी धाडतीन."

तिच्यावर रागवायलाही अंगात बळ उरलं नव्हतं. मी आत आले. बापानं तेच पुन्हा विचारलं.

म्हटलं, "गाडी चुकली, बाबा."

माय दुसऱ्या दिवशी गेली. विहारातली माणसं आली, वंदना झाली. बाप पुढं जगला तितकी वर्षं एसटीला शिव्या घालत राहिला, अन् मी हो हो म्हणत राहिले.