‘Home’ या शब्दापायी आत्याची नोकरी गेली

माझी आत्या निवृत्त झाली नव्हती. तिला शाळेतून काढलं होतं.

काल दुपारी तंजावरात ती गेली. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'निवृत्त शिक्षिका' असं टाकलंय. सभ्य दिसतं म्हणून.

खोटं आहे, म्हणून हे लिहितेय.

रुक्माआत्या आम्हाला नववी 'ब'ला इंग्लिश शिकवायची. 'ब' म्हणजे तमिळ मीडियममधून आलेली मुलं. ओरत्तनाडू, पापनाशमहून बसने यायची.

आणि मी. कारण आत्याने ठणकावलं होतं, "माझी भाची माझ्याच वर्गात बसेल."

शाळेच्या मालकांना आमच्याकडे करस्पॉन्डंट म्हणतात. त्यांचा हुकूम होता, या मुलांना ग्रामर झेपत नाही, शब्दांची लिस्ट पाठ करून घ्या. Table नाउन. Eat व्हर्ब. Home नाउन.

आत्याने लिस्ट दिलीच नाही.

"शब्द एकटा असेल तर त्याला काही विचारू नका," ती म्हणायची. "वाक्यात बसू दे. मग विचारा, इथे तू काय काम करतोस?"

सहामाहीला वाक्य आलं: He went home. Home खाली रेघ. पार्ट ऑफ स्पीच ओळखा.

आम्ही सगळ्यांनी लिहिलं, अ‍ॅडव्हर्ब.

छापील आन्सर-कीमध्ये होतं, नाउन.

आत्याने आम्हाला मार्क दिले. दुसऱ्या दिवशी करस्पॉन्डंट पेपरांचा गठ्ठा घेऊन थेट वर्गात. सेल्वीला उभं केलं. ओरत्तनाडूची सेल्वी, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी.

"Home काय आहे?"

"अ‍ॅडव्हर्ब, सर."

"आणि कीमध्ये काय छापलंय?"

"नाउन, सर."

"मग?"

मी तिच्या शेजारीच होते.

"कुठे गेला ते सांगतंय, सर. Went बद्दल सांगतंय. अ‍ॅडव्हर्बच आहे."

"तमिळ मीडियमची पोर आता मला ग्रामर शिकवणार!" त्यांनी लाल पेन आत्यापुढे धरलं. "मॅडम, सगळ्यांचे मार्क कापा. आत्ता. इथेच."

आत्याने पेन घेतलं नाही.

"ती बरोबर आहे, सर. कापायचे तर तुम्ही कापा. माझ्या हातून होणार नाही."

त्यांनी कापले. आमच्यासमोर, एकेक पेपर.

वर्ष संपलं तेव्हा आत्याला निरोप आला, जूनपासून येऊ नका.

ते मार्क आम्हाला कधीच परत मिळाले नाहीत.

घरात सगळे तिच्यावर तुटून पडले. माझे बाबासुद्धा.

"एका शब्दासाठी नोकरी घालवलीस, अक्का?"

"शब्द एकच होता रे. पोरं वर्गभर होती."

पुढच्या शनिवारी सेल्वी आमच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, येऊन बसली. मग बाकीचे आले. मग त्यांची धाकटी भावंडं. आत्याचे गुडघे साथ देत होते तोवर तो वर्ग चालला.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलायचो, पण वाचता यायचं नाही. मी पुण्यात नोकरीला आल्यावर देवनागरी शिकले. तेव्हा तिला फोनवर सांगितलं, आत्या, पार्ट्स ऑफ स्पीचला मराठीत 'शब्दांच्या जाती' म्हणतात.



"बरंय," ती म्हणाली. "शब्दाला निदान वाक्य बदललं की जात बदलता येते. कुणी दार अडवत नाही."

आज सकाळी तिला निरोप दिला. नातेवाईक विचारत होते, ती सेल्वी कुठाय? एवढं शिकवलं, आली नाही?

सेल्वीचा फोन मला पहाटेच आला होता. ओरत्तनाडूजवळच्या सरकारी शाळेत ती इंग्लिश शिकवते.

खूप रडली. मग म्हणाली, "मी येत नाही. आज माझ्या नववीला ग्रामरचा तास आहे. मी सुट्टी घेतलेली मॅडमना चालली नसती."

बरोबर केलंस, सेल्वी.

आत्या, तुला ताठ मानेनं निरोप.