मॅनेजर नसल्याचा पुरावा

"तुम्ही मॅनेजर नव्हता, हे तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "तेही शेठसमोर."

देवळीच्या एका जिनिंगमध्ये मी मॅनेजर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. ऐन हंगामात शेठनं बोलावलं. "भाऊ, आता पुतण्या पाहून घेईल. उद्यापासून तुमी आराम करा." नोटीस नाही, काही नाही. घरी कसं सांगायचं, याच विचारात मी बसस्टँडवर बसून राहिलो.

वकीलबाईंनी सोपं करून सांगितलं. कायदा ज्याला कामगार म्हणतो, त्याला असं तडकाफडकी काढता येत नाही. आधी नोटीस, भरपाई द्यावी लागते. मॅनेजरला हे संरक्षण नाही. पण कायदा हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतो. माणसं ठेवायचा, काढायचा, रजा मंजूर करायचा अधिकार असेल, तो मॅनेजर.

"होता तुम्हाला?"

मी पंख्याकडे पाहिलं. मी वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या मोजायचो. कापसात हात घालून ओल बघायचो. मशीन अडकलं की बाह्या सारून रुई उपसायचो. एका दिवाळीला पगारवाढ मागितली, तेव्हा शेठनं मला मॅनेजर केलं. मीही हुरळलो. त्याच नावावर मुलीची सोयरीक वडनेरला जमवली. बैठकीत छाती फुगवून म्हणालो होतो, "सारी जिनिंग माह्याच हातात हाये."

नेमके तेच इवाई, म्हणजे व्याही, मुलीचे सासरे, माझ्यासाठी धावून आले. "मॅनेजर मानसाले असं काढते म्हंजे काय? मी येतो वर्ध्याले." नको म्हणायला तोंड होतं कुठे?

वकीलबाईंनी वर्ध्याला तक्रार दिली होती. तिथं कामगार अधिकारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समझोता करू बघतात. नाही जमला, तर मग कोर्ट.

"साहेब, हे तर आमचे मॅनेजर," शेठ गोड आवाजात म्हणाले. "यांना कामगाराचा कायदा कसा लागेल?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाची रजा मंजूर करत होता?"

"कोनाचीच नाई."

"कोणाला कामावर घेतलं?"

"नाई जी."

"आणि तुमची रजा?"

"शेठले मागत होतो. कधी भेटे, कधी नाई."

इवाई मागच्या खुर्चीवर होते. मान वळवायची हिंमत झाली नाही. नोकरी गेली त्या दिवशीही एवढी लाज वाटली नव्हती.

"हे कामगारच आहेत," अधिकारी शेठना म्हणाले. "कोर्टात तुम्हाला जड जाईल." शेठ आपल्या वकिलाशी बराच वेळ कुजबुजले आणि मला परत घ्यायला तयार झाले, मधल्या पगारासकट. "पण मॅनेजर म्हणून नाही," एवढं मात्र बजावलं. मी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये इवाई शेजारीच बसले. सावंगी गाव मागे पडलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. आता पोरीला काय काय ऐकावं लागेल, हेच डोक्यात.

"इवाई," शेवटी ते म्हणाले, "आमचा पोरगा, तुमचा जवाई, नागपूरले ऑफिसर हाये मनून सांगतलं होतं न मी बैठकीत?"

"हो."

"होळीले आला का त्याले बी इचारतो, तू कोनाची सुट्टी मंजूर करतं मनून."

ते पोट धरून हसले. मला काही हसता आलं नाही.

आता मी पुन्हा काट्यावर आहे. हमाल सवयीनं "मॅनेजर साहेब" म्हणतात, मी ऐकू न आल्यासारखं करतो. पगारवाढ मागितल्यावर हुद्दा मिळाला, तर घ्यावा. फक्त सोयरिकीच्या बैठकीत सांगू नये.